माथेरानच्या राणीला हायड्रोजन कशाला?

नेरळकर

रेल्वेच्या 'हायड्रोजन फॉर हेरिटेज' योजनेत डोंगरी आणि वारसा मार्गांसाठी ३५ हायड्रोजन गाड्या धरल्या आहेत. कालका-शिमला, दार्जिलिंग, निलगिरी यांच्याबरोबर आपली नेरळ-माथेरानही त्या यादीत आहे. २०२३ मध्ये सांगितलेला अंदाज होता एका गाडीमागे ८० कोटी रुपये आणि प्रत्येक मार्गावरच्या सोयींसाठी ७० कोटी. डिझेल जायलाच हवं. पण त्याच्या जागी हायड्रोजन आणणं मला साफ चुकीचं वाटतं. इथे बॅटरीवरची गाडी हवी.

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे २१ किलोमीटरच्या वाटेत साडेसातशे मीटरची चढण. एक टन वजन तेवढं वर न्यायला सुमारे २ युनिट ऊर्जा लागते. गाडी माणसांसकट ५० टनांची धरली तर झाले १०० युनिट. वळणांवरचं घर्षण आणि मोटरमधली गळती धरून दीडशे-पावणेदोनशे. बस्स, एवढंच.

हीच ऊर्जा हायड्रोजनच्या वाटेने आणली तर काय होतं बघा. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते आणि त्या किलोत ऊर्जा असते ३३ युनिट. टाकीत दाबून भरताना थोडी जाते, फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनची गाडीतच वीज करणाऱ्या यंत्रात, जवळपास निम्मी उष्णता होऊन उडते. मोटरपर्यंत तिसरा हिस्सा पोचला तरी खूप. बॅटरीतून ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते.

आणि उतरताना? तीच मोटर जनित्र होऊन वीज परत देते. फ्युएल सेलमध्ये ती उलटी भरता येत नाही, म्हणून हायड्रोजनच्या गाडीतही बॅटरी ठेवावीच लागते. मग नुसती बॅटरीच का नको?

विद्युतकण

हिशेब पटला, निष्कर्ष नाही. कार्यक्षमता हा एकच निकष लावला तर कुठलंच नवं तंत्रज्ञान पहिल्या दिवशी पास होणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन (स्वच्छ विजेवर केलेला हायड्रोजन) अभियान मंजूर केलं. पोलाद आणि खतं ही कामं बॅटरीने होणारी नाहीत, तिथे हायड्रोजन लागणारच. तो साठवायचा कसा, भरायचा कसा, गळती कशी शोधायची, हे हाताने करूनच येतं. त्यासाठी छोटा, एकाच टोकाला भरणा करता येईल असा मार्ग याहून चांगला कुठला?

शिवाय तुमच्या दीडशे-पावणेदोनशे युनिटांवर राखीव धरून ३०० युनिटची बॅटरी घेतली तर ती दोन-अडीच टनांची होते. २० फुटांत एक फूट चढणाऱ्या दोन फुटी रुळांवर ते ओझं रोज वर न्यायचं आहे.

नेरळकर

विद्युतकण, शिकायचंच असेल तर जिथे हायड्रोजन लागतो तिथे शिकूया. आपल्याच रायगड जिल्ह्यात थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढून खतासाठी अमोनिया करतात. हरित हायड्रोजनचा पहिला मान त्या नळ्यांचा. पर्यटकांच्या डब्यांवर तो प्रयोग कशाला?

जर्मनीत लोअर सॅक्सनीने २०२२ मध्ये हायड्रोजनच्या १४ गाड्यांचा ताफा आणला, जगभर कौतुक झालं. पुढच्या गाड्या मात्र त्याच राज्याने बॅटरीच्या घ्यायचं ठरवलं. हे त्यांनी पैसे मोजून शिकून झालंय.

घाटवाट

उतारावर वीज परत घेणं आपल्याकडे नवं नाही. बोरघाटात १९२० च्या दशकाअखेर आलेलं विजेचं 'खेकडा' इंजिन हेच करत होतं. पण त्याच्या डोक्यावर तार होती, परतलेली वीज घ्यायला दुसरी गाडी होती. इथे तार टाकायला झाडं तोडावी लागतील, तो विषयच नको. राहिली बॅटरी, आणि ती वर पोचली तेव्हा भरलेली असेल तर परतीची वीज घेणार कुठे? म्हणून चार्जिंग नेरळलाच व्हायला हवं, माथेरानला नाही.

अजून एक. ही वीज फक्त इंजिनाच्या चाकांवरून मिळते. रूळ ओले असतील तर चाकं घसरतात आणि भार डब्यांच्या ब्रेकवर येतो. डब्यांवर ब्रेक सांभाळणारी माणसं ठेवत ती उगीच नाही. निम्मी वीज परत मिळेल असं कुणी सांगितलं तर मी तिसरा हिस्साच धरेन.

मीनल_माथेरान

तुम्ही सगळे इंजिनावर भांडताय, आम्हाला रुळांची काळजी आहे. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, दोन वर्षं बंद. २०१९ मध्ये पुन्हा गेला, तो नेरळपासून पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्थानक) बंदच असतं. ७० कोटी आलेच तर आधी दरडींच्या जाळ्या, गटारं आणि संरक्षक भिंती करा.

पावसाळ्यातही चालते ती अमन लॉज-माथेरान शटल. तीन किलोमीटरच्या आत, पठारावरून. बॅटरी आधी तिला बसवा. गावात ई-रिक्षा चालतात, तशी हीही चालेल.

विद्युतकण

शटलला बॅटरी, मान्य. पूर्ण घाटासाठी नाही. आणि वीज शेवटी कोळशाचीच ना?

नेरळकर

कोळशाची वीज वाईट, तर हायड्रोजनसाठी तीच बॅटरीच्या अडीचपट जाळणं अजून वाईट. वीज स्वच्छ करत नेणं हे वेगळं काम आहे, ते व्हायलाच हवं. भिवपुरीचं जलविद्युत केंद्र कर्जत तालुक्यातच आहे, १९२० च्या दशकापासून चालू.

मीनलताई, शटलपासून सुरुवात हे मला पटलं. नेरळच्या लोकोशेडमध्ये काम केलेलं कुणी इथे असेल तर इंजिन आणि भरलेल्या डब्यांची खरी वजनं टाका. ५० टन मी धरून चाललोय. खरा आकडा मिळाला की शटलचा आणि घाटाचा हिशेब वेगवेगळा मांडतो आणि तोच रेल्वेकडे पाठवू.