‘फोटो काढ’ म्हणजे नेमकं काय कर?

‘काढणे’ या क्रियापदावर जाणकारांशी बोलायचं आहे. मी सांगलीत शिकते, घर वाळवा तालुक्यात. दोन वर्षांपासून फोटोचा नाद लागलाय. फोनवर काढते, कधी मैत्रिणीचा कॅमेरा मागून घेते, आणि बरे वाटतात ते इन्स्टाग्रामला टाकते.

फेब्रुवारीत घरी हळदीची काढणी चालू होती. पाला कापून झालेला, कुदळीनं गड्डे वर आलेले, आणि आई बांधाला बसून माती झाडत कंद मोडत होती. तिच्या हातांचा अगदी जवळून फोटो काढला. नखांच्या कडा पिवळ्या, अंगठ्याच्या भेगेत काळी माती, आणि त्या मातीलाही हळदीचा रंग लागलेला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून पाकिटावरची चकचकीत हळकुंडं खूप पाहिली, पण हे हात कुठं दिसले नाहीत, म्हणून तो फोटो टाकला.

दोन दिवसांनी मावशीच्या मुलीनं तो आईला दाखवला. लगेच आईचा फोन, “बया, हाताचा फोटू काढ की तेवढा.”

मला वाटलं तिला आवडला, अजून एक हवाय. रविवारी कॅमेरा घेऊन गेले. हात पुढं कर म्हटल्यावर तिनं ते पदराखाली घेतले. “काढ म्हणलं हुतं, तर आणि काढायलाच आलीस व्हय?”

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. आपण जमिनीतून हळद काढतो, विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो. तिथं आत असलेली वस्तू बाहेर येते. मग दारात रांगोळी काढतो, कागदावर चित्र काढतो. तिथं आधी काहीच नसतं, काढल्यावर होतं. फोटो या दोन्हींच्या मधला वाटतो मला. समोर हात होते, पण तो फोटो नव्हता. आणि तेच क्रियापद भिंतीवरच्या फोटोला लावलं की असलेलं नाहीसं होतं. एकाच शब्दात करणं आणि पुसणं दोन्ही कसं मावलं? तुमच्या भागात दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद, जतकडून:
ताई, आमच्या घरात कानडी चालते. आम्ही फोटो ‘तेगे’ म्हणतो. तेगे म्हणजे काढ, बाजूला कर. दार उघडायलाही तेच, ‘बागिलु तेगे’. म्हणजे तुमच्या आईचं वाक्य कानडीत सांगितलं असतं तरी घोटाळा तोच झाला असता. गुजराती माणूस फोटो पाडतो आणि हिंदीवाला खेचतो, त्यांची या गुंत्यातून सुटका आहे. प्राकृतात ‘कड्ढ’ म्हणजे ओढणे. आपला ‘काढ’ तिथूनच आला. म्हणजे हिंदीचं खेचणं आणि आपलं काढणं मुळात लांब नाहीत.

प्रतिसाद:
‘काढणे’ बोलण्यातलं झालं. लिहिताना ‘छायाचित्र घेणे’ किंवा ‘टिपणे’ वापरावं. जुनी माणसं ‘फोटो उतरवणे’ म्हणायची, तेही चांगलं आहे.

माझं उत्तर:
कानडीची जोड फार मोलाची आहे, दादा. हे मला माहीत नव्हतं.

सर, ‘उतरवणे’ मलाही आवडतं. वहीत कविता उतरवून घेतो तसा कागदावर चेहरा उतरवायचा. पण भिंतीवरचा फोटोही आपण उतरवतोच, तेव्हा पेच तिथंही आहे. ‘टिपणे’ बातमीत शोभतं. चिमणी दाणा टिपते, टिपकागद शाई टिपतो. त्यात चटकन उचलण्याची भावना आहे. उडता पक्षी टिपला म्हणा, पण आईचे हात टिपले हे मला म्हणवत नाही. ‘घेणे’ तर नकोच. सेल्फी घेतला, फोटो घेतला, हे अलीकडं वाढलंय आणि मला त्यात इंग्रजीची सावली दिसते. काढणारा रांगोळीवाल्यासारखा काहीतरी करतो. घेणारा समोरच्याकडून नेतो.

‘छायाचित्र’ मात्र मी सोडणार नाही. पुष्कळ जण म्हणतात की ते प्रकाशाचं काम, त्याला छाया कशाला, ‘प्रकाशचित्र’ म्हणा. पण संस्कृतात छाया म्हणजे फक्त सावली नव्हे. प्रतिबिंब आणि अंगाची कांती हेही तिचे अर्थ आहेत. हरिपूरला संगमावर सकाळी उभं राहिलं की कृष्णा आणि वारणेच्या पाण्यात काठावरची झाडं उलटी दिसतात. तीही छायाच.

आता मूळ पेच. मला वाटतं मराठीनं त्यावर तोडगा केव्हाच काढलाय, फक्त तो क्रियापदाच्या शेजारी ठेवलाय. ‘हातांचा फोटो काढ’ म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात. ‘इन्स्टावरचा फोटो काढ’ म्हटलं की एकच. सगळा भार ‘वरचा’वर आहे. तसंच ‘काढून टाक’, ‘काढून दे’. टाक आणि दे यांनी दिशा ठरते. ‘काढून ठेव’ मात्र फसवं आहे. पाटल्या काढून ठेव म्हणजे उतरव, फोटो काढून ठेव म्हणजे जपून ठेव. माझ्या वर्गात याऐवजी ‘डिलीट मार’ सर्रास चालतं आणि गोंधळ होत नाही, हे खरं. पण आईच्या तोंडी ते येणार नाही, आणि मला तिचंच वाक्य नीट ऐकायला शिकायचं आहे.

प्रतिसाद:
तुम्ही लिहिलंय की फोटो ‘टाकला’. आम्ही ‘स्टेटसला ठेवला’ म्हणतो. चोवीस तासांत जाणारी गोष्ट ठेवायची कशी?

माझं उत्तर:
आमच्याकडंही स्टेटसला आणि डीपीला ठेवतातच. हळद पेवात, जमिनीखालच्या कोठारात, ठेवायची म्हणजे महिनोन् महिने, तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण ‘टाकला’ला एक बेफिकिरी आहे. दाणे टाकले, कचरा टाकला. ‘ठेवला’ म्हणताना हात जरा सावकाश होतो.

यात अजून एक शब्द आणते, ‘व्यक्त होणे’. आम्हा मुलामुलींना सारखं सांगतात, व्यक्त व्हा. व्यक्त म्हणजे उघड झालेलं, दिसू लागलेलं. डोळ्यात घालायचं अंजन आणि हा शब्द एकाच धातूचे आहेत, अञ्ज्. ‘व्यक्ती’ही तिथलीच. हा फोटो टाकताना मला खरंच वाटलं होतं की मी व्यक्त होतेय. माझं गाव, माझं घर, माझी नजर. पण उघडे पडले आईचे हात. मी व्यक्त झाले, तिला मी व्यक्त केलं, आणि तेही न विचारता. ‘होणे’ आणि ‘करणे’ यांत एवढं अंतर आहे हे व्याकरणाच्या तासाला कळलं नव्हतं. भेगा लपवाव्यात असं मला आजही वाटत नाही. तो फोटो चांगलाच आहे. पण भेगा तिच्या आहेत.

प्रतिसाद:
मग आता तो फोटो आहे का?

माझं उत्तर:
वरचा काढला. फोनमधला काढू का म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे.”