गणपतीचा नाच, चापूनचोपून अंबाडा आणि लेकीचे केस

माळावरची_शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आमच्या घरात गेले दहा दिवस दुसरा विषय नाही.

आम्ही न्यू जर्सीत. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, मी कराडची. लेक नऊ वर्षांची आणि केस अगदी बापाचे. रिफिलवर गुंडाळल्यासारखी बारीक वेटोळी. बट ओढून धरली तर अर्ध्या पाठीपर्यंत येते, सोडली की टुणकन कानाच्या पाळीशी.

यंदा मंडळाच्या गणपतीत तिचा नाच आहे. नऊवारी, नथ, अंबाडा, गजरा. नाच बसवणाऱ्या ताईंचा निरोप आला: "मधोमध भांग, केस चापूनचोपून, एकही बट बाहेर नको." मी म्हटलं, कॉर्नरो घालते. म्हणजे टाळूला चिकटून कपाळापासून मागे जाणाऱ्या बारीक वेण्या, आणि मागे सगळ्यांसारखाच अंबाडा. उत्तर: "त्या रेषा स्टेजवर दिसतात गं. एका दिवसापुरते सरळ करून घे ना."

मी करणार नाही. आहेत त्या केसांचा अंबाडा बांधा. पण लपवत नाही, लेक स्वतःच म्हणतेय, "आई, मला पण सरळ हवेत." माझी आई सध्या इथेच आहे, ती नातीच्या बाजूने. सासूबाई माझ्या बाजूने. नवरा गॅरेजमध्ये जाऊन बसतो.

तुम्ही काय केलं असतं?

भाकरवडी

एवढ्याशा गोष्टीचा धागा? पार्लरमध्ये न्या, स्ट्रेटनिंग करा, विषय संपला. माझ्या भाचीने पुण्यात केरॅटिन केलंय, मस्त दिसतात. आणि कृपा करून वर्णद्वेष वगैरे आणू नका यात. ताईंना दहा मुली एकसारख्या दिसायला हव्यात, बस्स.

दुपारची_झोप

भाकरवडी, नऊ वर्षांच्या पोरीला केरॅटिन? त्यातल्या कितीतरी प्रकारांत इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइडचा वाफारा निघतो. आणि अशा केसांना तिकडे वर्षानुवर्षं लावत आले तो रिलॅक्सर म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. आपण तुंबलेल्या मोरीत ओततो तोच कॉस्टिक सोडा, पातळ करून क्रीममध्ये. "नो लाय" (म्हणजे कॉस्टिक सोडा नाही) लिहिलेल्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन असतं, तेही काही गुलाबपाणी नव्हे. केसातले गंधकाचे बंध तुटतात आणि वेटोळं कायमचं उलगडतं. मुळाशी नवा केस येतो तो पुन्हा वेटोळाच, की पुन्हा डबा उघडा.

२०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सुमारे साडेतेहतीस हजार बायकांचा अभ्यास छापला. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. आता बोला.

तिरकस_रेषा

बोलतो. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे त्या संशोधकांनाही माहीत आहे. आणि "वर्षात चारपेक्षा जास्त वेळा" आणि "गणपतीत एकदा" यात जमीन-अस्मानाचा फरक. घाबरवायला आकडे फेकू नका.

शिवाय रसायनाशिवायचा मार्ग आहेच. सिल्क प्रेस. धुवायचे, ड्रायरने ओढून वाळवायचे, गरम इस्त्री फिरवायची. पुढच्या धुण्याला केस पुन्हा होते तसे. मुलगी स्वतः मागतेय आणि आई तत्त्वासाठी नाही म्हणतेय. डोकं कोणाचं आहे?

न्यूअर्कची_काकू

मी इथे बावीस वर्षं. शेजारणीचं सलून आहे, शनिवारी माझा चहा तिथेच होतो, म्हणून दोन शब्द.

तिरकस, सिल्क प्रेस सांगता तितका निरुपद्रवी नाही. इस्त्री जास्त तापली की ती बट धुतल्यावरही परत वेटोळी होत नाही, उदबत्ती लटकावी तशी लटकते. मग कापण्यावाचून इलाज नाही. आणि मुख्य म्हणजे सप्टेंबरातली जर्सीची हवा! एसी नसलेला शाळेचा हॉल, नऊवारी, ढोल-ताशा, घाम. पहिलं कडवं संपेपर्यंत भांगापाशी केस फुगून वर येतात. चापूनचोपून गेलं, वर पोर रडवेली.

कॉर्नरो घाम गाळूनही जागचे हलत नाहीत. ताईंना हवं तेच त्यात मिळतंय. फक्त ते त्यांच्या ओळखीचं नाही.

आजी_सांगलीकर

बाळांनो, तुमचं इंग्रजी ऐकून डोकं गरगरलं. रोज रात्री खोबरेल चोपडा, सकाळी बारीक फणीने विंचरा, दोन घट्ट वेण्या घाला. कसलेही केस बसतात. आम्ही सहा बहिणी अशाच वाढलो.

माळावरची_शेवंती

आजी, माझ्या आईनेही पहिल्याच आठवड्यात हेच केलं. कोरडे केस, फणी, वरून खाली. दोन दात तुटले, फणीचे. लेक ओरडली ती शेजारच्या घरात ऐकू गेली. फणीत अडकलेला गुंता आईने तळहातावर ठेवून मला दाखवला आणि गप्प बसली.

त्या रविवारी सासूबाई आल्या. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, नुसतं समोर बसून करून दाखवलं. आधी पाण्याचा फवारा. मग डोक्याचे चार भाग, प्रत्येकाला चिमटा. एका वेळी एकच भाग सोडायचा, मूठभर कंडिशनर, आणि आधी बोटांनीच गुंता सोडवायचा. मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून. दोन इंच सुटले की त्याच्यावरचे दोन इंच. सोडवलेल्या भागाचा लगेच दोन पदरी पीळ, की पुन्हा गुंता नाही. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी ओल शोषून घेते. सकाळी अकराला बसल्या त्या दीड वाजता उठल्या. आईने मधे दोनदा चहा आणून दिला, तिसऱ्यांदा आली ती चिमटे हातात धरून बसायला.

आणि आजी, खोबरेल वाईट नाही हो. २००३ साली मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांचा निबंध आला होता. तपासलेल्या तीन तेलांपैकी, धुण्याआधी आणि नंतर लावल्यावर केसातलं प्रथिन जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलानं. (आता मॅरिको स्वतःच खोबरेल विकते, ते आहेच.) पण तेल म्हणजे पाणी नव्हे. सरळ केसावरून डोक्यातला तेलकटपणा घसरत टोकापर्यंत जातो, या वेटोळ्यांत तो मुळाशीच अडतो, म्हणून केस कोरडे. तेव्हा आधी पाणी आणि मग ते आत धरून ठेवायला वरून तेल. कोरड्या केसावर नुसतं तेल चोपडलं की ते चकाकतात आणि तुटतात.

संत्रा_बर्फी

माझेही केस कुरळे. नागपूरला शाळेत मला "झिपरी" म्हणायचे. आईने सातवीत इस्त्री आणून दिली आणि पहिल्यांदा मला आरशात बरं वाटलं. मुलीला त्या आनंदापासून अडवू नका. माझंही काही वाईट झालं नाही.

दुपारची_झोप

बर्फी, तुमचं दुःख खरं आहे, पण हे तसंच नाही. तुम्हाला कुरळ्या केसांपायी नोकरी नाकारली गेली नसती. अलाबामातल्या एका बाईला लॉक्स, म्हणजे वळलेल्या जटा, कापायला तयार नाही म्हणून देऊ केलेली नोकरी काढून घेतली, आणि २०१६ साली अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या लष्करात बायकांना लॉक्स ठेवायची परवानगी मिळाली २०१७ मध्ये.

बखरकार

त्याच्याही मागे जा. १७८६ साली लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने फर्मान काढलं, स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांनी केस रुमालाखाली झाकावेत. बायकांनी भारी रंगीत कापडं आणून असे काही फेटे बांधले की तीच फॅशन झाली. शाळा-नोकरीत केसांवरून भेदभाव करू नये हा क्राउन कायदा २०१९ साली आधी कॅलिफोर्नियात झाला, त्याच वर्षी न्यू जर्सीतही.

अवांतर: तिरुपतीला आपण केस देतो त्यांचा लिलाव होतो, आणि तसेच केस विग नि विव्ह (आपल्या केसांत शिवून जोडायचे केस) होऊन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या डोक्यावर जातात. तेव्हा संबंध जुना आहे.

भाकरवडी

गणपतीच्या नाचात १७८६! धन्य आहे. मंडळाचा नाच म्हणजे ना शाळा ना नोकरी. आता कोर्टात खेचणार का ताईंना?

मंडळातलीच_एक

मी या धाग्यात लिहिणार नव्हते. नाच मी बसवत नाही, पण कपडेपट माझ्याकडे आहे.

शेवंती, एक गोष्ट तू लिहिली नाहीस. दहापैकी सात मुलींचे केस खांद्यापर्यंतच आहेत. आम्ही सगळ्यांनाच गंगावन लावतो, जेल थापतो, काळ्या पिना खुपसतो. एकीचे सोनेरी हायलाइट्स स्प्रेने काळे करणार आहोत. तिची आई काही बोलली नाही. तेव्हा तुझ्याच मुलीला वेगळं पाडलं, हे मला पटत नाही. ताई तीस वर्षं नाच बसवतायत, ओळ म्हणजे ओळ.

न्यूअर्कची_काकू

गंगावन रात्री काढून डब्यात ठेवता येतं. स्प्रे धुऊन जातो. जळलेली बट परत येत नाही. वेगळं आहे ते इतकंच.

बाकी रेषा म्हणाल, तर मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची पोर. मला त्या वेण्या सऱ्या पाडलेल्या रानासारख्या दिसतात, आणि नऊवारीवर त्या इतक्या शोभतात की बघाच.

माळावरची_शेवंती

कपडेपटवाल्या ताई, गंगावनाचं बरोबर आहे. ते मी लिहायला हवं होतं. रागात लिहिलं.

काल सासूबाईंनी वेण्या घातल्या. बर्फीचा प्रतिसाद वाचून आधी लेकीला विचारलं, सरळ का हवेत? म्हणाली, "गजरा माझ्या केसांत टिकत नाही ना." एवढंच होतं. कोणीतरी तालमीत तिच्या केसांत गजरा खोचला होता, तो मऊ केसांतून सटकून पडला आणि मुली हसल्या.

बारा वेण्या, मधोमध भांग सोडून सहा इकडे, सहा तिकडे, टोकं मागे एकत्र. आईने त्यावर गंगावनाचा अंबाडा बसवला आणि ओक ट्री रोडवरून आणलेला मोगऱ्याचा गजरा सुईदोऱ्याने सरळ वेणीलाच टाचला. लेक अर्धा तास डोकं झटकत घरभर नाचली. पडला नाही.

घट्ट झालंय का, टाळू ओढली जातेय का, हे सासूबाईंनी तीनदा विचारलं. सतत ओढ बसली तर कपाळाकडचे केस कायमचे जातात म्हणे.

ताईंना अजून काही कळवलेलं नाही. रंगीत तालीम शनिवारी सकाळी नऊला.