वाडी हेरिटेज परिसर जाहीर झाली तर भाडेकरूंचं काय होतं?

मीनल_गिरगाव
आमची वाडी गिरगावात. तळमजला अधिक दोन, मंगलोरी कौलं, रस्त्याच्या बाजूला लाकडी गॅलरी. आम्ही पागडीचे (आगाऊ मोठी रक्कम देऊन राहिलेले) भाडेकरू, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी. वाडी हेरिटेज परिसराच्या यादीत घालणार असं कानावर आल्यापासून रोज रात्री जेवणं उरकली की खाली बैठक बसते. मालकाचा माणूस सांगतो, एकदा नाव लागलं की खिळाही ठोकता येणार नाही, पुनर्विकास विसरा. सासूबाईंचा त्या गॅलरीत जीव आहे, आणि तिच्या खालचे दोन टेकू वाळवीने पोकळ झालेत हेही खरं. यादी ठरवतं कोण? आमचं कोणी ऐकतं का?

जुना_आरेखक
मीनलताई, मी संवर्धनाची कामं करणाऱ्या वास्तुविशारदाकडे आरेखक होतो. मुंबईच्या वारसा संवर्धन समितीपुढे जाणारे नकाशे हाताने काढलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खिळ्याची गोष्ट साफ खोटी आहे. मुंबईत हे नियम 1995 पासून आहेत, सध्या लागू असलेल्या 'विकास नियंत्रण नियमावली 2034' मध्ये ते नियम 52 खाली सापडतील. वास्तूंच्या श्रेणी केलेल्या असतात. श्रेणी 1 म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, तिथे हात लावायचा तर खरंच फार अडचण. 2अ मध्ये आतले बदल चालतात, 2ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामही होऊ शकतं. श्रेणी 3 मध्ये आतबाहेर दोन्हीकडे बदलाला वाव असतो. परिसर ही आणखी वेगळी बाब. तिथे एकेक घर सुटं बघत नाहीत. उंची, रस्त्याकडची बाजू, गल्लीची रुंदी, गॅलऱ्यांची ओळ, असं सगळं मिळून बघतात. तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी कोणाला देणंघेणं नाही.

आता ठरवतं कोण. यादी मंजूर करतं राज्य सरकार. प्रस्ताव महापालिका आयुक्तांकडून किंवा वारसा समितीकडून जातो, सरकार स्वतःहूनही घेऊ शकतं. पण यादीत बदल करण्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवून त्यांचा विचार करावाच लागतो. तुमची जागा ती. समितीत निवृत्त सनदी अधिकारी, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर, शहराचा इतिहास जाणणारे असे लोक असतात, तरी ती फक्त सल्ला देते. परवानगीवर सही आयुक्तांची. समितीचा सल्ला डावलायचा तर आयुक्तांना लेखी कारण द्यावं लागतं, आणि तो अधिकार ते खालच्या अधिकाऱ्याला देऊ शकत नाहीत.

पुनर्विकासाचं म्हणाल तर 1999 साली सरकारने श्रेणी 3 आणि परिसरातल्या उपकरप्राप्त इमारतींना समितीच्या परवानगीतून सूट दिली होती. माझ्या मते त्या सुटीनेच गिरगावच्या वाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. आज तुमच्या इमारतीला काय लागू आहे ते महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मला खरी चीड येते ती पैशाची. विकासहक्काचं नुकसान झालं तर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो, पण मालकाला. कौलं गळतात भाडेकरूच्या डोक्यावर. वारसा इमारतींसाठी दुरुस्ती निधी उभारता येईल असं नियमात लिहिलेलं आहे, तेव्हा हरकतीच्या अर्जात नुसतं 'आम्हाला नको' लिहू नका. आधी दुरुस्तीची सोय करा, मग नाव लावा, असं लिहा.

दादरचा_बंड्या
2012 च्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कचा परिसर आला तेव्हा आमच्याकडे हेच वातावरण होतं. मी विरोधातल्या सह्यांच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. चाळीस वर्षं न रंगवलेल्या इमारतीत म्हातारी माणसं जिना चढतायत, लिफ्ट कधी येणार ते सांगा. फक्त आरेखक काका म्हणतात ते पटतं, नुसतं 'नको' लिहू नका. आणि माझ्याकडून एक: इमारतवार हरकत द्या. छापील मजकुराखाली दोनशे सह्या असल्या तरी ती एकच हरकत धरतात, असा आमचा अनुभव.

सुमेधा_जॅक्सन_हाइट्स
न्यूयॉर्कमध्ये आमचा भाग 1993 पासून ऐतिहासिक परिसर आहे. खिडकी बदलायची तरी लँडमार्क्स आयोगाची परवानगी लागते, पण त्यांचा अधिकार मुख्यतः बाहेरच्या बाजूवर. बहुतेक अर्ज तिथले कर्मचारीच निकाली काढतात, मोठ्या बदलांसाठीच जाहीर सुनावणी होते. छोट्या कामांना सुनावणीशिवाय परवानगी मिळण्याची अशी सोय तुमच्याकडेही मागून घ्या.

मीनल_गिरगाव
खूप आभार. काका, टेकूंचं काय करू? पावसाळा तोंडावर आलाय.

जुना_आरेखक
यादीची वाट बघू नका. आजच गॅलरीला खालून लोखंडी धिरे लावून घ्या आणि तिथे कोणाला उभं राहू देऊ नका, सासूबाईंनाही नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवून पोच घ्या. मग जुन्या लाकडाचं काम जाणणारा सुतार बघा. टेकूचा कुजलेला भाग तेवढाच कापून त्याला सागाचा तुकडा सांधता येतो, सगळी गॅलरी उतरवायची गरज नसते. हात लावण्याआधी प्रत्येक टेकूचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. हरकतीच्या अर्जाला तेच जोडा.