उपेक्षित बॉल पायथन घरी आणला आहे: त्याला खायला कधी द्यावे?

प्रश्न (नवपालक)

परिचयातील एका कुटुंबाने अनेक वर्षे पाळलेला आणि अलीकडे जवळजवळ विसरलेला एक बॉल पायथन मी कागदपत्रांसह रीतसर ताब्यात घेतला आहे. साप पूर्ण वाढलेला असून त्याची लांबी सुमारे ११० सेंटिमीटर आहे, पण वजन मात्र अवघे ६४० ग्रॅम भरले. पाठीचा कणा उठून दिसतो, दोन्ही बाजूंची कातडी आत गेली आहे आणि अंगावर लांबट सुरकुत्या पडलेल्या आहेत. त्याच्या काचेच्या पेटीत पाण्याचे भांडे कोरडे होते आणि उष्णतेसाठी पेटीखाली थर्मोस्टॅट (तापमान आपोआप नियंत्रित करणारे उपकरण) नसलेली एक हीट मॅट सतत चालू होती. पोटाच्या खवल्यांवर तळहाताच्या निम्म्या आकाराचा तपकिरी, खडबडीत डाग आहे. शेपटीच्या टोकावर जुन्या कातीची वळी अडकली आहेत आणि दोन्ही डोळे धुरकट दिसतात.

आधीच्या मालकांच्या म्हणण्यानुसार त्याने कित्येक महिन्यांत काही खाल्लेले नाही. त्याच्याकडे पाहिले की आधी पोटभर खायला घालावे असेच मनात येते. ते योग्य आहे का? पहिले खाद्य केवढे असावे, अडकलेली कात मी हाताने काढू का आणि पोटावरच्या डागाला काही लावावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुना पालक)

आपण त्याची जबाबदारी घेतलीत याबद्दल मनापासून आभार. मात्र खाण्याचा विचार काही दिवस पूर्णपणे बाजूला ठेवावा, ही पहिली विनंती. अशा सापाच्या बाबतीत आधी ऊब, मग पाणी, मग शांतता आणि या तिन्ही गोष्टी बसल्यानंतरच अन्न, असा क्रम असतो. सापाच्या शरीराचे तापमान बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे त्याचे पचन आणि त्याची प्रतिकारशक्ती या दोन्ही गोष्टी पेटीतल्या तापमानावर चालतात. थंड शरीरात गेलेला उंदीर पचत नाही; तो पोटातच कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. आधीच खंगलेल्या प्राण्याला अशी एक उलटी फार महागात पडते.

पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान ठेवावे, म्हणजे कुठे बसायचे हे सापाला स्वतः ठरवता येते. काचेवर चिकटवायच्या गोल तबकडीच्या तापमापकांवर विसंबू नये. तार असलेला डिजिटल तापमापक सापाच्या बसण्याच्या जागी ठेवून मोजावे. आपण वर्णन केलेला डाग त्या अनियंत्रित मॅटमुळे झालेल्या भाजण्याचा असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे सध्या खालून उष्णता देऊच नये. पेटीच्या वर, सापाला स्पर्श करता येणार नाही अशा जाळीआड सिरॅमिक हीटर बसवावा आणि तोही थर्मोस्टॅटवरच चालवावा. थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही उष्णतेचे साधन सापाच्या पेटीत असू नये, या मताशी मी कधीही तडजोड करणार नाही.

तळाला लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या न घालता साधा पांढरा टिश्यू पेपर अंथरावा, म्हणजे जखमेला कचरा चिकटणार नाही आणि विष्ठा, रक्त किंवा माइट्स (अंगावरचे रक्त पिणारे बारीक जीव) असतील तर ते लगेच दिसतील. उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना एकेक घट्ट लपण द्यावे. बॉल पायथन ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली असून तिथे ती दिवसाचा बराच वेळ बिळांत काढते. लपायला जागा नसलेला साप सतत ताणाखाली राहतो. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकल्या तरी मोठा फरक पडतो. पहिला आठवडाभर पाणी बदलणे आणि स्वच्छता एवढ्यापुरताच हात आत जावा.

डोळ्यांवरचा धुरकटपणा बहुधा जुन्या कातीचा आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो प्रत्येक कातीबरोबर निघून येतो. तो अडकला असेल तर चिमट्याने ओढू नये, कारण खालचा नवा खवला फाटला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. लपणीत ओलसर शेवाळ ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवली की अडकलेली कात हळूहळू सैल होते आणि बरेचदा पुढच्या कातीबरोबर सगळेच निघते. शेपटीवरच्या वळ्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ती आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडतात आणि टोक वाळून गळते. ओलसर, कोमट फडक्याच्या घडीतून सापाला स्वतःहून सरकू द्यावे. जे सहज सुटेल तेवढेच काढावे.

उत्तर (सरीसृपांवर उपचार करणारी पशुवैद्य)

वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे आणि घाईने खाऊ घालणे नेमके का धोक्याचे आहे, ते थोडे विस्ताराने लिहिते. दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरते आणि पेशींमधले पोटॅशियम, फॉस्फरस यांसारखे क्षार हळूहळू संपत जातात. अशा वेळी अचानक मोठे खाद्य मिळाले की रक्तात उरलेले हे क्षार वेगाने पेशींमध्ये ओढले जातात, त्यांची रक्तातील पातळी कोसळते आणि हृदय व श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात. साप खातो, सगळे समाधान मानतात आणि नंतरच्या काही दिवसांत तो दगावतो, असे यामुळेच घडते. निरोगी बॉल पायथन काही महिने न खाता सहज राहू शकतो, म्हणून उपवास हा शब्द ऐकून घाबरू नये; पण आपल्या सापाचे वजन या लांबीला जेवढे असायला हवे त्याहून फारच कमी आहे आणि त्याची शुष्कताही स्पष्ट दिसते. पहिल्या खाद्याआधी त्याची तपासणी व्हायलाच हवी.

तपासणीत मी प्रथम तोंड उघडून पाहीन. हिरड्यांवर लालसर ठिपके किंवा पनीरसारखा पिवळट थर असेल तर ती मुखपाकाची, म्हणजे तोंडातील संसर्गाची, चिन्हे होत. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज येणे, मान वर करून तोंड उघडे ठेवणे ही श्वसनसंसर्गाची लक्षणे आहेत. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसल्याने त्याला जोर लावून खोकता येत नाही, फुप्फुसातला स्राव आतच साचत जातो आणि म्हणून तो आजार घरी बरा होण्याची वाट पाहण्यासारखा नसतो. विष्ठेची परजीवींसाठी तपासणी आणि तोंडातील नमुन्यावर सर्पेंटोव्हायरस या सापांना श्वसनाचा आजार देणाऱ्या विषाणूची चाचणी करून घ्यावी.

भाजलेल्या जागेवर हळद, तेल, टूथपेस्ट किंवा वेदनाशामक मलम असे काहीही लावू नये. जखमेच्या खोलीनुसार सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा अन्य औषध द्यायचे की नाही, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरते. प्रतिजैविकाची गरज पडली तर ते शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात टोचले जाते, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. शुष्कता फार असेल तर द्रवही टोचून द्यावे लागतात. नळीने बळजबरीने भरवणे हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि तो थंड, कोरड्या पडलेल्या सापावर करू नये.

उत्तर (वाचक)

एका मुद्द्यावर माझे मत नोंदवते. अनेक जण अशा सापाला लगेच कोमट पाण्यात बसवण्याचा सल्ला देतात. अतिशय अशक्त साप डोके वर धरू शकत नाही आणि उथळ पाण्यातही बुडू शकतो, शिवाय उघडी जखम भिजते. आपल्या सापाच्या पोटावर जखम आहे हे पाहता मी तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय त्याला पाण्यात ठेवणार नाही. जड, न कलंडणारे पाण्याचे भांडे पुरेसे आहे.

घरात इतर सरपटणारे प्राणी असतील तर हा साप वेगळ्या खोलीत किमान ९० दिवस ठेवावा आणि त्याची सर्व कामे सर्वांत शेवटी करावीत. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसले, किंवा हनुवटीखालच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेला मोहरीहून लहान काळे जीव दिसले, तर ते रक्त पिणारे माइट्स असतात. ते अंडी सापावर न घालता पेटीच्या फटींमध्ये घालतात, त्यामुळे नुसता साप स्वच्छ करून उपयोग होत नाही. कुत्र्यांसाठीची गोचीडनाशके मनाने फवारू नयेत. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो. पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूरच ठेवावे.

प्रश्न (नवपालक)

सर्वांचे आभार. तपासणी झाली. माइट्स नाहीत, फुप्फुसे स्वच्छ आहेत, मुखपाक अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आहे आणि जखमेवर औषध सुरू केले आहे. द्रव दिल्यानंतर कातडीच्या सुरकुत्या कमी झाल्या आहेत आणि काल रात्री तो स्वतः पाणी पिताना दिसला. तपासणाऱ्या पशुवैद्यांनी आता लहान खाद्य देऊन पाहायला सांगितले आहे. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की जिवंत उंदीर सोडला तर त्याची भूक जागी होईल. यावर आपले काय मत आहे?

उत्तर (जुना पालक)

जिवंत उंदीर अजिबात सोडू नये. अशक्त साप स्वतःचा बचाव करत नाही आणि पेटीत राहिलेला उंदीर त्याची पाठ कण्यापर्यंत कुरतडू शकतो. गोठवलेले खाद्य फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वितळू द्यावे, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावे आणि त्याचा पृष्ठभाग ३८ अंशांच्या आसपास आला की चिमट्याने द्यावे. मायक्रोवेव्ह वापरू नये. या सापांच्या वरच्या ओठाच्या कडेला उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंड खाद्याकडे ते बरेचदा वळतच नाहीत. संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, लपणीच्या तोंडाशी द्यावे. नाकारले तर रात्रभर आत सोडून देऊ नये. काढून टाकावे आणि आठवडाभर काहीही देऊ नये.

एरवी त्याच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढे खाद्य चालते, पण आत्ता त्याच्या निम्म्याहून लहान, म्हणजे नुकतेच केस फुटलेले उंदराचे पिल्लू पुरेसे आहे. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास हात लावू नये. सात ते दहा दिवसांच्या अंतराने त्याच आकाराची दोन-तीन खाद्ये पचली, विष्ठा नीट झाली, की मगच आकार थोडा वाढवावा.

उत्तर (सरीसृपांवर उपचार करणारी पशुवैद्य)

त्याने उलटी केली तर पुन्हा लगेच देऊ नका. किमान दोन आठवडे थांबावे, तापमान तपासावे आणि पुढचे खाद्य आणखी लहान द्यावे; दुसऱ्यांदा उलटी झाली तर थेट तपासणीला आणावे. दर आठवड्याला एकाच वेळी, खाण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात वजन फारसे वाढले नाही तरी काळजी नको, ते घटत नाही ना एवढेच पाहावे. युरेट म्हणजे विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग मऊ आणि पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे. तो पिवळा किंवा खड्यासारखा कडक झाला तर खाद्य थांबवून आधी द्रव द्यावे लागतील. पोटावरचे खवले पूर्ववत होण्यास अनेक काती लागतात आणि व्रण बहुधा राहतो. मुखपाकाचे औषध लक्षणे गेली तरी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे.