चिकनच्या तंगडीची साल एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत का होत नाही?

दह्यात मॅरिनेट केलेली (मुरवलेली) तंगडी एअर फ्रायरमध्ये मऊ पडते. कारण पाणी. दह्याचं पाणी निघून जाईपर्यंत आतलं मांस शिजून जातं आणि साल वाफवल्यासारखी राहते. दही हवंच असेल तर चक्का घ्या आणि लावताना जास्तीचा निपटून काढा.

खरी कुरकुरीत हवी तर दही नकोच. आधी खाटकाला साल ठेवायला सांगा, आपल्याकडे बहुतेकदा सोलूनच देतात. ८ तंगड्या (साधारण ९०० ग्रॅम) टिश्यूने अगदी कोरड्या करा. दीड चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, तिखट, मिरपूड चोळून फ्रीजमध्ये रात्रभर उघड्या ठेवा. बेकिंग सोडा मात्र नको, साबणासारखी चव येते.

२०० अंशांवर ५ मिनिटं प्रीहीट, मग एका बाजूने १२ आणि उलटून १० मिनिटं. तुकडे एकमेकांना चिकटू देऊ नका. चारच मावत असतील तर दोन खेपा करा. हाडाजवळ ७४ अंश झाले की खाण्यास सुरक्षित, पण तंगडी ८२-८५ पर्यंत नेली तर शिरा मऊ पडून मांस हाडापासून सहज सुटतं.

सोललेलीच मिळाली तर अंड्याचा पांढरा बलक आणि दोन मोठे चमचे तांदळाची पिठी लावा, वर तेलाचा हात फिरवा. तेल लागलं नाही तिथे पीठ पांढरं, कच्चं राहतं.

मध किंवा गोड सॉस शेवटच्या ३ मिनिटांतच. आधी लावला की करपतो.