बागेतला स्केटपार्क: रंग नको, आधी पाण्याचा निचरा

नमस्कार मंडळी,
बागेतल्या जुन्या स्केटपार्कच्या दुरुस्तीसाठी पार्षदांना (नगरसेवकांना) अर्ज द्यायचा आहे. भेगा सिमेंटने बुजवून वर ऑइल पेंट मारू, असं ठेकेदाराचं म्हणणं. जाणकारांनी सांगावं, अर्जात नेमकं काय मागायचं?
— रामबागेहून

ताई,
नुसत्या भेगा बुजवल्या तर पुढच्या पावसाळ्यात त्या पुन्हा उघडणार. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब तिच्याबरोबर उचलला जातो, खचतो. म्हणून अर्जात पहिली मागणी कडेच्या नालीची असू द्या. स्लॅबला लागून असलेली झाडांची आळी आणि गळका नळही हलवायला हवा.

मग हातोडीने सगळा स्लॅब ठोकून पाहा. आवाज टणटणीत आला तर ठीक. भद्द आला तर खाली पोकळी आहे. तिथे खडूने खूण करा. तेवढा भाग कटरने चौकोनी कापून काळी माती उपसायची, मुरूम १५० मि.मी.च्या थरांनी पाणी मारून कुटायचा आणि वर सळ्यांच्या जाळीसह १२५ मि.मी. जाडीचं एम-३० (मजबुतीची प्रत) काँक्रीट. दर ३ मीटरवर सांधा कापायचा, खोली स्लॅबच्या पाव भागाएवढी, आणि तोही लगेच दुसऱ्या दिवशी. उशीर केला की काँक्रीट आपली भेग आपणच पाडतं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर काँक्रीटवर किमान १० दिवस ओली गोणपाटं. इथेच सगळ्यात जास्त हयगय होते, तेव्हा पाणी मारायच्या पाळ्या मंडळानेच वाटून घ्याव्यात.

हलत्या, म्हणजे कमी-जास्त रुंद होणाऱ्या, भेगेत इपॉक्सी नको; ते कडक होतं आणि शेजारी नवी भेग पडते. तिथे पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे रबरासारखा लवचीक भराव. काम दिवाळीनंतर काढा.
— लोकमान्य नगरहून

काका, अगदी बरोबर. स्केटिंग शिकवणारी म्हणून थोडी भर घालते. ऑइल पेंट मुळीच नको, त्यावर चाक घसरतं. स्केटबोर्डचं चाक जेमतेम ५०-५४ मि.मी.चं आणि टणक; सांध्याला ५ मि.मी.ची पायरी राहिली तरी ते अडतं आणि मूल तोंडावर आपटतं. उताराच्या वरच्या काठाचा पाइप, म्हणजे कोपिंग, ६० मि.मी. बाहेरच्या व्यासाचा, जाड एमएसचा (साध्या पोलादाचा) घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा विषारी धूर होतो. पाइप काठापेक्षा साधारण ५ मि.मी. वर राहावा. वेल्डिंगचे डाग घासून, बोट फिरवून पाहा: नख अडलं तर पुन्हा घासा. टोकं बंद करा, नाहीतर पाणी शिरून पाइप आतून गंजतो.

खुणा करायला मुलांनाच बोलवा. बोर्ड कुठे अडखळतो हे त्यांना पायाने कळतं. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावच्या स्केटपार्कमध्ये मुलींना पहिली संधी, असा नियम केला होता. आपल्याकडेही वेळापत्रकात तो घालावा, ही विनंती. झाडलोट, खडू, गोणपाटं हे आपण करू शकतो. कटर आणि वेल्डिंग मात्र कारागिरांनाच करू द्या.
— सुदामा नगरहून

दोघांचे आभार. अर्जात क्रम असा लिहिते: नाली, पोकळ भाग, सांधे, पाइप. रंग वगळला. रविवारी सकाळी ८ वाजता हातोडी आणि खडू घेऊन बागेत भेटूया. शिकणाऱ्या मुलांच्या आयांनाही निरोप द्या.
— रामबागेहून