हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) साधा सेट फक्त नवशिक्यांसाठी?
"साधा सेट शिकण्यापुरता, पुढे फीचर्स लागतातच" हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच पटलं. शहरात नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारं फीचर) खरंच उपयोगी आहे, शेजारच्या एलईडी दिव्यांची खरखर ऐकली की कळतं. पण बिटएक्स या घरी बनवायच्या साध्या सेटचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही? हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांचं डिझाइन, मूळचा 14 मेगाहर्ट्झचा, साधारण 6 वॅटचा, आणि टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या खास कड्या) सहज मिळत नाहीत म्हणून कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची! त्यात तेच अँप्लिफायर ऐकताना एका दिशेने आणि बोलताना उलट्या दिशेने चालतात, म्हणजे ऐकू नीट येत असेल तर ट्रान्समीटरचाही बराच भाग ठीक आहे हे आपोआप कळतं, बाकीचा फॉल्ट मल्टिमीटर घेऊन बसलं की सापडतो.

हां, व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) सरकतो, गरम होईपर्यंत नॉब हलवत बसावं लागतं, ते मान्य. पण माझ्या मेनूवाल्या सेटवर एकदा स्प्लिट (ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवणारं फीचर) चुकून चालू राहिलं, ऐकतोय एकीकडे, बोलतोय भलतीकडेच, आणि मी अर्धा तास अँटेनाला शिव्या देत गच्चीवर!